शिकारीच्या परंपरेनं जंगल राखलं का? तिसऱ्या फलकाचं वाक्य तपासून हवंय

मोहफूल
नमस्कार मंडळी. १ ते ७ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह. त्यासाठी नागपुरात शाळकरी मुलांकरता आठ फलकांचं प्रदर्शन तयार होतंय, विषय ‘विदर्भातली शिकार, काल आणि आज’. सात फलक मार्गी लागले, तिसऱ्यावर गाडी अडली. मसुद्यातलं वाक्य असं:

‘आदिवासी समाजाच्या पारंपरिक शिकारीमुळे जंगलाचा समतोल राखला गेला.’

गटातले निम्मे म्हणतात हे खरं आहे, निम्मे म्हणतात हे ऐकायला गोड म्हणून लिहिलंय. मुलं वाचणार आहेत, तेव्हा चुकीचं अक्षर नको. नुसतं बरोबर-चूक सांगू नका, का तेही सांगा.

तिरकमठा
मोहफूलताई, वाक्यातला ‘मुळे’ काढा. शिकारीमुळे जंगल राहिलं नाही. शिकारीला लगाम होते म्हणून शिकार होऊनही जनावर टिकलं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला लगाम हत्याराचाच. फासेपारध्यांचा जुना फास घोड्याच्या शेपटीच्या केसांना पीळ देऊन केलेला, नाहीतर तांतीचा, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या दोरीचा. केसाचा फास तित्तर-लाव्यासाठी, बांबूच्या बारीक खुंट्यांना ओळीनं बांधलेला. मोठ्या जनावराच्या एका हिसक्यात तो तुटतो. तांत ओली झाली की ढिली पडते, उंदीर कुरतडतात. म्हणजे फास लावून घरी झोपायला जाता येत नाही, जवळ बसावं लागतं. जवळ बसलेल्या माणसाला नको ते जनावर सोडून देता येतं, कारण ते अजून जिवंत असतं.

आता मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास बघा. पोलादी तारांचा पीळ, पावसाळे खाऊनही शाबूत. एक माणूस एका रात्रीत कितीतरी ठिकाणी लावून जातो, सगळ्या जागा पुन्हा बघतही नाही. रानडुकरासाठी लावलेल्या तारेत सांबर येतं, अस्वल येतं, वाघ येतो. वाघ झटका देतो तशी तार आवळत जाते, कातडी कापून मांसात रुतते. खुंटीपासून तुटली तरी फास गळ्यातच राहतो आणि जनावर जखम घेऊन हिंडतं. टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघिणींच्या गळ्यात असे तारेचे फास सापडले आहेत.

दुसरा लगाम पंचांगाचा. माडिया-गोंडांमध्ये पंडुम, म्हणजे सण, झाल्याशिवाय नवं फळ, नवं धान्य तोंडात घालत नाहीत. सामूहिक शिकारीलाही दिवस ठरलेला, बी पेरण्याआधीच्या विज्जा पंडुमच्या सुमाराचा. बाराही महिने गावच्या गाव बाहेर पडणं हे त्यात बसत नाही.

तिसरा देवकाचा. टेकाम म्हणजे सागवान, मरकाम म्हणजे आंबा, नेताम कुळाला कासव. आपल्या कुळाचं झाड तोडायचं नाही, आपल्या कुळाचं जनावर मारायचं नाही आणि खायचं नाही. एका गावात चार कुळं नांदली तर तेवढ्या जीवांना आपोआप अभय.

सातपुडा_वाट
तिरकमठा भाऊ, हत्याराबद्दलचं सोळा आणे मान्य. पण देवकाला संरक्षणाचं कारण ठरवू नका. नेताम कासव खाणार नाही, शेजारचा मडावी खाईल. बंदी कुळावर होती, जनावरावर नव्हती. आणि त्या काळात जनावरं टिकली याचं मोठं कारण म्हणजे माणसं थोडी होती, रस्ते नव्हते, मांस विकायला बाजार नव्हता. हे न सांगता नुसती परंपरा सांगितली तर मुलांना वाटेल तीच प्रथा आज सुरू केली की जंगल सुधारेल.

दुसरं, ‘समतोल’ शब्द पुराव्याशिवाय वापरू नये. तेव्हाच्या चितळ-सांबरांची मोजणी कुणी केलेली नाही.

रोही
+१. ‘समतोल’ काढाच.

सीताबर्डी
‘परंपरा’ म्हटलं की फक्त आदिवासी का आठवतात? नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी. शिकारीचे नियम या शहरातून निघत. राखीव जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत, ब्लॉकपुरता आणि मुदतीपुरता परवाना मिळे, किती जनावरं मारायची यावर मर्यादा असे. साहेब, संस्थानिक, जमीनदार यांची ही परंपरा काही कमी जुनी नाही आणि तिनं कितीतरी जास्त जीव घेतले. सरगुजाच्या महाराजांच्या एकट्याच्या नावावर हजाराहून अधिक वाघ आहेत.

त्यांची पद्धत मुलांना नीट समजावून सांगा, कारण आजची बरीच कामं तिच्यातूनच आली. नाल्याच्या संगमावर, वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सांजेला बोदा, म्हणजे आमिषाचं रेडकू, बांधायचा. सकाळी झाडावरून बघायचं. बोदा मारून ओढत नेला असेल तर घसटीवरून दिशा कळते, कावळे-गिधाडं कुठं बसलीत त्यावरून जागा. पोट भरलेला वाघ पाण्याजवळ सावलीत पडून राहतो, म्हणून ऊन चढल्यावर हाका (आवाज करत वाघाला मचाणाकडे हाकणं) सुरू करायचा. हाकारे अर्धवर्तुळात, निमुळत्या टोकाला मचाण, आणि दोन्ही अंगांना झाडावर ‘रोक’ बसवलेले. रोकांनी ओरडायचं नाही. वाघ बाजूला वळला की खोडावर काडीनं टकटक करायची, एवढ्यानं तो पुन्हा मधल्या वाटेवर येतो. जोरात ओरडलं तर वाघ उलटा फिरून हाकाऱ्यांच्या रांगेत घुसतो. हाक्यात माणसं जखमी होत ती याच चुकीनं.

मोहफूल
सीताबर्डी काका, हे फार कामाचं. पण मग ‘शिकाऱ्यांनीच अभयारण्यं सुरू केली’ असं जे म्हणतात ते कितपत खरं?

सीताबर्डी
अर्धं खरं. शिकार करणाऱ्यांनाच जनावर कमी होताना आधी दिसलं, कारण जंगलात तेच जात होते. ताडोब्यात १९३५ मध्ये शिकार बंद झाली. १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी नागपूरच. कान्हाही त्याच वर्षीचं. पण हेतू काय होता ते बघा. सुरुवातीचे बरेच नियम जनावरासाठी नव्हते, पुढच्या हंगामात शिकार मिळावी म्हणून होते. रानकुत्र्यांना मारण्यासाठी तर सरकार बक्षीस देत असे, का तर ती ‘आमची’ हरणं खातात. ज्याला आज आपण कोळसून म्हणून जपतो त्याच्या शेपटीवर तेव्हा पैसे मिळत.

पाणवठा
आणि स्वातंत्र्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं विसरू नका. फलकांवर हा काळ नेहमी गाळला जातो. पीक राखायला म्हणून बंदुकीचे परवाने वाढले, लष्कराच्या जुन्या जीप बाजारात आल्या, त्यावर स्पॉटलाइट बसला. रात्री प्रकाशात हरीण थिजून उभं राहतं, ते पळत नाही. हाक्याला शंभर माणसं लागत, इथे तिघांत काम. नियम कागदावर, मोजणी शून्य. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली १९७० मध्ये, वन्यजीव कायदा १९७२ चा, व्याघ्र प्रकल्प १ एप्रिल १९७३ ला, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट. उरलेले शिकारीचे परवाने १९९१ च्या दुरुस्तीनं संपले.

बोस्टनचा_वऱ्हाडी
इकडचं उदाहरण देतो. अमेरिकेत १९३७ च्या कायद्यानं रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. बदकांच्या शिकारीसाठी १९३४ पासून दर वर्षी स्टॅम्प घ्यावा लागतो, त्याच्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखल्या. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानला मारखोर या रानबकऱ्याच्या शिकार-परवान्याचे ८० टक्के पैसे गावाला मिळतात आणि तिथे मारखोर वाढले. विदर्भात रानडुकरांसाठी असं काही का नको?

सातपुडा_वाट
ती व्यवस्था तीन पायांवर उभी आहे. दर वर्षी मोजणी, मोजणीवरून कोटा, आणि मारलेल्या प्रत्येक जनावराची नोंद. मारखोर उघड्या कड्यांवर दुर्बिणीनं मोजता येतो, शिंगं बघून म्हातारा नर निवडता येतो. साग-बांबूच्या जंगलात, रात्री, कळपातलं डुक्कर असं निवडता येत नाही. शिवाय त्याच जंगलात वाघ आहे. ज्याच्या हातात डुकराचा परवाना आहे तो चितळावर गोळी झाडणार नाही हे बघायला प्रत्येक बीटवर (वनरक्षकाच्या हद्दीत) माणूस कुठून आणणार?

पैशाचा मुद्दा मात्र बरोबर आहे. जनावर जिवंत राहण्यात गावाचा लाभ दिसला पाहिजे.

काटोलकर
पैसा जाऊ द्या बाप्पा, आधी वावराचं बोला. काटोल-नरखेडकडे हरभऱ्यात रोही (नीलगाय) आणि संत्र्याच्या बागेत डुक्कर. जागल करून माणसं थकली. शिकार बंद, ठीक. मग शेतकऱ्यानं करायचं काय?

धुरा
काटोलकर भाऊ, क्रमानं सांगतो.

नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार, उशीर झाला तर दावा अडतो. पंचनाम्याआधी नांगरू नका. धुऱ्याची (बांधाची) खूण, पायांचे ठसे आणि उकरलेली जागा एकाच फोटोत येईल असे फोटो काढा.

रोही आणि रानडुकराला मारण्याच्या परवानगीचे अधिकार राज्यानं वन परिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली दिले आहेत. अर्ज करता येतो. पण मेलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता, त्याचं मांस खाता येत नाही. आणि खरं सांगायचं तर उपाय तोकडा आहे. कळपातलं एक पडलं की बाकीची शेजारच्या वावरात जातात, आणि मादीला एका वेतात चार-सहा पिल्लं सहज होतात.

टिकणारा उपाय सौर कुंपण, पण ते नीट लावलं तरच. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून ८-९ इंचांवर. एक फुटावर ठेवली की डुक्कर नाक खाली घालून निघून जातं, मग लोक म्हणतात मशीन बोगस. यंत्र सेकंदाला साधारण एक झटका देतं, झटका क्षणाचा असतो म्हणून जीव जात नाही. बिघाड बहुतेक वेळा अर्थिंगचा. एक सळई ठोकून भागत नाही, तीन ठोका, एकमेकींपासून दहा फुटांवर, पाच-सहा फूट खोल. एप्रिल-मेमध्ये काळी माती भेगाळते, तेव्हा तिथे पाणी ओता, नाहीतर तारेत दाब असूनही जनावराला झटका बसत नाही. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की दाब गळतो. दर दहा-बारा दिवसांनी तारेखालचं गवत कापा.

आणि हात जोडून सांगतो, घरच्या लाइनीचा किंवा खांबावरचा करंट त्या तारेत सोडू नका. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला आलेला आपलाच माणूस मरतो.

पाणवठा
धुरा भाऊंनी शेवटी जे लिहिलं त्याला जोड. आज विदर्भात वाघ मारणारी वस्तू बहुतेक वेळा बंदूक नसते. तार आणि करंट. खांबावरून आकडा टाकून ओढलेल्या तारेला जनावर चिकटलं की बऱ्याचदा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली वीजवाहिनी, ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. रात्री ११ ते पहाटे ४ मधल्या ट्रिपिंगच्या वेळा उपकेंद्राच्या नोंदवहीत असतात. त्या वनरक्षकाला सकाळी कळल्या तर गस्त नेमक्या त्या फीडरखाली जाते. एकाच फीडरवर आठवड्यात दोनदा विनाकारण ट्रिपिंग दिसलं तर ती धोक्याची घंटा समजावी.

उन्हाळ्यात दुसरी नजर पाण्यावर. पाणवठे आटत जातात तसं विष घालणाऱ्याचं काम सोपं होतं. युरिया किंवा कीटकनाशक टाकलेल्या पाण्यात आधी बेडूक-मासे मरतात, काठावर मेलेल्या माश्या दिसतात. असं दिसलं तर पाणी उपसण्याआधी नमुना बाटलीत घ्यायचा आणि फांद्या टाकून काठ बंद करायचा. उलट क्रमानं केलं की पुरावा गेला.

तिरकमठा
मूळ विषयाला धरून एक. शिकाऱ्याचं कसब आज संरक्षणात राबतंय, हे फलकावर यायलाच हवं. मचाणावर पूर्वी बंदूक असे, आता बुद्धपौर्णिमेला पाणवठ्याशेजारच्या मचाणावर वही घेऊन बसतात. माग काढणं तेच. वाघ नेहमी कुठून वळतो, कुठल्या झाडावर फवारतो, कोरड्या नाल्यातली कुठली वाट धरतो हे ओळखता आलं नाही तर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, फुकट जातो. कॅमेरे समोरासमोर दोन लावतात, कारण डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात. अगदी समोरासमोर नाही, जरा तिरपे, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढरा करतो. उंची साधारण गुडघ्याएवढी. कंबरेएवढी लावली तर नुसती पाठ येते.

पशुवैद्य_वर्धा
बेशुद्धीच्या मोहिमांतही तेच. डार्ट, म्हणजे लांबून मारलेली गुंगीच्या औषधाची सुई, बसल्यावर वाघ आडवा व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांतच सगळं बिघडतं. लोक आरडाओरडा करत मागे धावले की वाघ उसळतो, औषध चढत नाही, दुसरा डार्ट मारावा लागतो. जवळ नाला-विहीर असली तर गुंगीत बुडून मरतो. मे महिन्यातल्या दुपारी केलं तर अंगाचा ताप वाढून मरतो, म्हणून सकाळी लवकर. सीताबर्डी काकांनी सांगितलेला ‘रोक’ इथे हवा असतो, गप्प बसणारा आणि वाघ कुठे चाललाय एवढंच सांगणारा. जुना जाणता माग्या सोबत असला की डार्ट मारलेला वाघ वेळेत सापडतो.

वैनगंगा
सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी बोललं नाही. फासेपारध्यांचं नाव फलकावर ‘काल’च्या रकान्यात शिकारी म्हणून येणार आणि ‘आज’च्या रकान्यात तारेचा फास. मुलं दोन्ही जोडतील आणि वर्गातल्या पारध्याच्या पोराकडे बघतील. १८७१ च्या कायद्यानं या जमातींवर जन्मतः गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तो १९५२ ला कागदावरून पुसला, माणसांच्या मनातून अजून नाही. वाघाच्या कातडी-हाडांचा धंदा ही पैसेवाल्या टोळ्यांची साखळी आहे. पोटासाठी तित्तर धरणारं कुटुंब वेगळं.

अकोला-वाशीमकडे ‘संवेदना’ संस्थेनं फासेपारध्यांसोबतच तणमोर हा पक्षी आणि गवताळ रानं यांवर काम केलंय. तणमोर पावसाळ्यात गवतातून उंच उडी मारतो तेवढाच दिसतो, एरवी हाताच्या अंतरावरूनही दिसत नाही. तो कुठल्या पडीत आहे हे सांगायला गवत वाचणारा डोळा लागतो आणि तो डोळा या लोकांकडे आहे. ‘आज’च्या रकान्यात हे लिहा.

मोहफूल
वैनगंगाताई, हे सुटलंच होतं. आजच बदलते.

वनहक्क_गडचिरोली
कायद्याची दोन वाक्यंही घ्या, गावागावात यावरून गैरसमज आहेत. वन्यजीव कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फास लावणं, विष घालणं, हाकणं, आमिष दाखवणं, अंडी-घरटं मोडणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्नसुद्धा शिकारच. म्हणजे रिकाम्या फासालाही गुन्हा आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं मोह, तेंदू, बांबू, मासे, चराई असे हक्क दिले, पण पारंपरिक शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. त्याच कायद्याच्या कलम ५ नं वन्यजीव राखण्याचे अधिकार ग्रामसभेला दिले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. जंगलावर हक्क आला की बाहेरून फास लावायला आलेल्याला हटकायचा अधिकारही गावाला येतो. तुमच्या प्रश्नाचं आजचं उत्तर मला इथे दिसतं.

सातपुडा_वाट
वनहक्क भाऊ, एवढं मात्र जोडा की हक्क मिळाला म्हणून शिकार आपोआप थांबत नाही. ग्रामसभेनं गस्तीच्या पाळ्या लावल्या, दंड ठरवला आणि तो आपल्याच माणसाकडून वसूल केला, तिथे थांबते.

वनहक्क_गडचिरोली
मान्य. दंड आपल्याच माणसाला लावता आला पाहिजे, तिथेच खरी कसोटी.

मोहफूल
सगळ्यांचं ऐकून तिसऱ्या फलकाचा नवा मजकूर असा केला आहे:

‘पूर्वी केसाचा आणि तांतीचा फास होता. तो जनावराला जिवंत धरत असे, केसाचा मोठ्या जनावराच्या ओढीला तुटत असे, आणि लावणाऱ्याला जवळ बसावं लागे. शिकारीचे दिवस ठरलेले होते. माणसं थोडी होती आणि मांसाला बाजार नव्हता. आज पोलादी तार तुटत नाही, कुणाला ओळखत नाही आणि लावणारा जवळ नसतो. ज्यांना माग काढता येतो अशा अनेकांचं ज्ञान आज वाघ मोजायला आणि तणमोर शोधायला कामी येतं. आता शिकार हा गुन्हा आहे. फास दिसला तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवा आणि वनरक्षकाला सांगा.’

खाली दोन्ही फास शेजारी शेजारी मांडायचे ठरवलंय, मुलांना फरक हातात घेऊन कळेल. क्लच वायरचा खरा फास एका ओळखीच्या माणसाकडे आहे.

रोही
मजकूर उत्तम. ‘समतोल’ गेला, बरं झालं.

पाणवठा
ताई, तो खरा फास आणू नका. जंगलात सापडलेला असेल तर तो पुरावा आहे, वनविभागाकडे जमा व्हायला हवा. त्या ओळखीच्यांना आधी तेवढं सांगा.

तिरकमठा
आणि प्रतिकृती केलीत तरी गाठ दाखवू नका. सरकफास कसा बसतो हे चाणाक्ष पोराला एका नजरेत कळतं. तारेचा नुसता सरळ तुकडा ठेवा, वीतभर, शेजारी केसांच्या पिळाचा वीतभर तुकडा. दोन्ही ओढून बघू द्या. केसाचा तुटेल, तारेचा तुटणार नाही.

मोहफूल
सरळ तुकडेच ठेवते. केसांचे तुकडे भरपूर करून ठेवावे लागतील, दिवसभरात शंभर तरी तुटतील. घोड्याच्या शेपटीचे केस नागपुरात कुठे मिळतील?

सीताबर्डी
लग्नाच्या वरातीला घोडे देणाऱ्यांकडे विचारा. खरारा करताना गळालेले केस ते टाकूनच देतात. धुऊन, सावलीत वाळवून मग पीळ द्या.